ग्रेस हॉपर

गजराचे घड्याळ वाजते तरी कसे, हे पाहण्यासाठी सात वर्षांच्या ग्रेसने ते उघडले. चाके इतस्ततः विखुरली. पुन्हा काही केल्या जुळेनात. म्हणून तिने दुसरे घड्याळ उघडले, मग तिसरे. अशी सात घड्याळे खोलून झाल्यावर आईच्या ध्यानात हा प्रकार आला. तिने लेकीला एकाच घड्याळावर भागवण्याची ताकीद दिली!

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. व्हासार महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या व पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क वन या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर त्यांची नेमणूक झाली.

या यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. बरोबर ठरलेले आज्ञांचे गट ग्रेस व त्यांचे सहकारी वह्यांत टिपून ठेवीत आणि नव्या कामासाठी त्यांतून उतरवून घेत. परंतु उतरवताना माणूस चुकतो. एक आकडा चुकला की सारे उत्तर चुके. मग हे उतरवण्याचे काम यंत्रानेच का करू नये?

युनिव्हॅक संगणकावर काम करताना ग्रेस यांनी ते गट चुंबकीय फितीवर साठवले व प्रत्येकाला क्रमांक दिला. क्रमांक सांगताच यंत्र तो गट शोधी, योग्य जागी जुळवी आणि प्रोग्राम सिद्ध करी. १९५२ सालचा हा ए-झिरो कंपायलर. कित्येक जाणकारांचा त्यावर विश्वासच बसेना. संगणकाने केवळ हिशेब करावा, प्रोग्राम रचणे त्याचे काम नव्हे, असे ते म्हणत.

पुढे १९७० नंतरच्या काळात डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडवली. तिच्यात फाइल उघडण्याचे एफओपन, बंद करण्याचे एफक्लोज, अशी फंक्शने आधीच लिहून ठेवलेली असतात. विद्यार्थी नुसते नाव लिहितो. कंपायलर त्याच्या ओळींचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि लिंकर ते तयार फंक्शन त्यांना जोडून देतो. वहीतून उतरवण्याचेच हे काम, पण आता माणसाच्या हाताविना. अर्धविराम विसरला तर मात्र कंपायलर तेथेच अडतो!

१९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, रिअर ॲडमिरल ग्रेस हॉपर नौदलातून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कचेरीत भिंतीवर एक घड्याळ असे. त्याचे काटे उलट दिशेने फिरत; वेळ मात्र ते बिनचूक दाखवी.