रावबहादूर धुरंधर आणि चित्रकलेचा तास

आमच्या वऱ्हाडच्या पेठांत लक्ष्मीची किंवा सरस्वतीची रंगीत छापील तसबीर नाही असे दुकान विरळा. तिला रोज उदबत्ती ओवाळणाऱ्यास ती कोणी काढिली हे विचारावेसे वाटत नाही. उलट मुलाने चित्रकलेची वही मागितली म्हणजे पैसा पाण्यात गेला असे तोच म्हणतो. अशा गृहस्थांपुढे आज आम्ही रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे चरित्र ठेवितो.

धुरंधरांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरास झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. शाळेचे प्रमुख तेव्हा ग्रिफिथ्स साहेब होते. आमच्या शिवेपलीकडील अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. पुढे धुरंधर त्याच शाळेत शिक्षक झाले आणि १९३१ साली तेथूनच निवृत्त झाले.

शिवरायांच्या राज्याभिषेकाचे त्यांचे चित्र प्रसिद्धच आहे. आम्हांस मात्र त्यांची साध्या माणसांची चित्रे अधिक मोलाची वाटतात. हिंदुस्थानातील स्त्रियांविषयी रॉथफील्ड साहेबांनी १९२० साली ग्रंथ काढिला, त्यातील चित्रे धुरंधरांचीच. लुगडे नेसण्याची तऱ्हा, दागिन्याची घडण, चालण्याची ढब यांवरून कोणती बाई कोठली हे ओळखावे, इतकी त्यांची नजर बारीक होती.

१९३० मध्ये शाळेच्या संचालकाचे काम त्यांच्याकडे आले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पण नेमणूक हंगामी, आणि तीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर! त्यांचे शिकविणे इतकी वर्षे चालले, अधिकार तेवढा चालत नव्हता. असो. स्वतःच्या घरात मात्र त्यांनी असा भेद केला नाही. कन्या अंबिका यांसही त्याच शाळेत शिकविले, व त्या चित्रकार म्हणून नावारूपास आल्या.

शाळेतील आपल्या दिवसांचा वृत्तान्त 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या ग्रंथात त्यांनी १९४० साली लिहिला, आणि तो मराठीत. १९४४ मध्ये ते वारले.

म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लहानसहान आठवणी जेथे जुळविल्या, त्या रिद्धपुरी आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे. धुरंधरांच्या ग्रंथाचे अध्ययन तेथे व्हावे, आणि आमच्या शाळांनी चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणितास देऊन टाकू नये, एवढीच आमची मागणी आहे.