मोकळा झालेला माणूस : मलिक अंबर

आजचे वाचन : १ करिंथ ७:२०-२४



आजच्या भागात पौल गुलामाला प्रभूने मोकळा केलेला म्हणतो आणि स्वतंत्र माणसाला ख्रिस्ताचा दास म्हणतो. करिंथकरांना हे लगेच समजलं असणार. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते उजाड शहर पुन्हा वसवलं, तेव्हा तिथे आलेल्यांत मोकळे केलेले गुलाम पुष्कळ होते. रोमी राज्यात असा माणूस व्यापार करी, पैसा कमवी. पण जुन्या मालकाचं कुळनाव लावी, त्याचा मान राखी, आणि मोठी सरकारी पदं त्याला सहसा मिळत नसत. मुलांना मात्र पुढची वाट खुली असे.

असंच एक शहर आपल्या शेजारी आहे. गंगापूरहून आपण कामाला, दवाखान्याला जातो ते छत्रपती संभाजीनगर गुलामीतून सुटलेल्या माणसाने वसवलं.

मलिक अंबर इथिओपियात साधारण १५४८ च्या सुमारास जन्मला. लहानपणीच विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला लिहायला, हिशोब करायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो दख्खनला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम होता! तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं.

मोकळा झाला खरा, पण ना जमीन, ना भाऊबंद. काही काळ तो विजापूरकडे चाकरीला होता. मग हळूहळू स्वतःची तुकडी उभी केली. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा बुडत्या निजामशाहीला त्याने आधार दिला. मुर्तजाला गादीवर बसवून आपली मुलगी त्याला दिली. रोममध्ये बंद असलेलं दार इथे असं उघडलं. १६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी केली, तेच आजचं संभाजीनगर. शहराला नहरीचं पाणी आणलं. जमिनी मोजून, त्यांचा कस पाहून सारा ठरवला. गनिमी काव्याने जहांगीरच्या फौजांना जेरीस आणलं. मालोजी आणि शहाजी भोसले त्याच्या काळात निजामशाहीत होते. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलदाबादला आहे.

आता एक अवघड गोष्ट. ज्याला बाजारात विकलं, त्यानेच पुढे हबशी गुलाम विकत घेऊन फौज वाढवली. त्या काळी ती रीतच होती, हे खरं. पण बघा, साखळी आपल्या पायातून निघाली म्हणजे ती हातातूनही सुटते, असं नाही.

म्हणून पौल नुसतं मोकळं झाल्यावर थांबत नाही. आपल्यासाठी किंमत मोजली गेली आहे, तर आता आपण कोणाचे, हे तो विचारतो. नोकरी, कर्ज, जात, घरची गरिबी, यातून आपल्यापैकी कितीतरी जण वर आलेत. आज आपल्या हाताखाली कोण आहे? शेतावरचा गडी, घरकामाची बाई, ऑफिसातला नवा मुलगा. त्यांना आपल्यामुळे मोकळा श्वास घेता येतो का?

प्रार्थना : प्रभू, तू आम्हाला मोकळं केलंस. आमच्या हातून कोणी बांधलं जाऊ नये, एवढं कर. आमेन.