सिग्नल हरवू नये म्हणून

ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हायव्हात सेमाफोर विचारला की आपण पी आणि व्ही ही दोन अक्षरं धडाधड सांगून मोकळे होतो. पण ही अक्षरं आली कुठून, असं एक्स्टर्नलने विचारलं तर? ती डच आहेत. व्ही म्हणजे ‘फेरहोखेन’, म्हणजे वाढवणं. पी मात्र ‘प्रोलाख’ या शब्दातला, आणि तो शब्द डच डिक्शनरीत सापडणारच नाही. ‘कमी करण्याचा प्रयत्न कर’ एवढं सांगायला तो मुद्दाम जुळवून तयार केलेला होता.

तो तयार करणारे एड्सगर डायक्स्ट्रा. जन्म १९३०, रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्र शिकवायचे, आई गणितातली. स्वतः लायडनला फिजिक्स शिकत होते, पण १९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा छोटा कोर्स केला आणि गाडीने रूळ बदलले. पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये नोकरी लागली. प्रोग्रॅमिंग हे तेव्हा करिअर मानलंच जात नव्हतं. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय प्रोग्रॅमर असा सांगितला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला. शेवटी थिऑरेटिकल फिजिसिस्ट लिहावं लागलं. शॉर्टेस्ट पाथचा त्यांचा अल्गोरिदम त्याच्या आदल्या वर्षीचा. होणाऱ्या बायकोसोबत खरेदी करून दमल्यावर कॅफेत बसले असताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सुचलेला. त्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. त्यांची खरी झटापट मात्र दुसऱ्याच गोष्टीशी चालली होती.

एक्स१ नावाचा नवा कॉम्प्युटर तयार होत होता आणि त्यात इंटरप्ट असणार होता. म्हणजे मशीन काम करत असताना बाहेरचं उपकरण मध्येच येऊन त्याला थांबवू शकणार. डायक्स्ट्रा हादरले. इंटरप्ट नेमका कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. मग एखादी चूक एकदाच होईल आणि पुन्हा कधी दिसणारच नाही. (आपल्या लॅपटॉपवर नीट चालणारा प्रोग्रॅम डेमोच्या दिवशी का लटकतो, त्याचं हेच एक कारण असू शकतं.) त्यांनी बरेच दिवस टाळाटाळ केली, शेवटी तयार झाले. १९५९ मध्ये त्याच कामावर पीएच.डी. केली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे छोट्या टीमला घेऊन त्यांनी टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. पेपर टेपचे रीडर, प्रिंटर, प्लॉटर आणि विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम, सगळं एकाच मशीनवर आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. यांनी एकमेकांना निरोप कसे द्यायचे?

समजा तुम्ही आंघोळीला गेलात आणि तेवढ्यात कुरिअरवाला बेल वाजवून निघून गेला. बाहेर येऊन तुम्ही दाराशी बसलात, बेलची वाट बघत. बसा मग जन्मभर! बेल वाजली होती, पण ऐकायला कुणी नव्हतं. प्रोग्रॅममध्ये हे असंच होतं. दुसरा उपाय म्हणजे दर सेकंदाला दार उघडून बघायचं. त्यात सगळा वेळ दारातच जातो.

डायक्स्ट्रांनी दाराशी एक आकडा टांगला. त्याला नाव दिलं रेल्वेच्या सिग्नलवरून, सेमाफोर. निरोप देणारा व्ही करून आकडा एकाने वाढवतो. वाट बघणारा पी करतो: आकडा शून्याच्या वर असेल तर एकाने कमी करून पुढे जातो, नसेल तर झोपतो, आणि व्ही झाला की त्याला उठवलं जातं. आधी कोण आलं याने काही फरक पडत नाही, कारण आलेला सिग्नल आकड्यात जमा राहतो. टीएचईमध्ये तर प्रत्येक प्रोसेससाठी खासगी सेमाफोर होता, सुरुवात शून्यापासून. पी फक्त मालकाने करायचा, व्ही कुणीही. अमुक घटना घडली, ऊठ, एवढं सांगायला तेवढं पुरे.

हे १९६५ च्या त्यांच्या लेखात सविस्तर आलं. टीएचईवरचा पेपर १९६८ चा. त्याच वर्षी गो-टूवर टीका करणारं त्यांचं पत्र छापून आलं आणि भांडणं पेटली; ट्युरिंग अवॉर्ड १९७२ चं. माणूस तसा खडूसच. कोणत्याही लँग्वेजवर, कोणत्याही कंपनीवर तोंडावर टीका करायचा. स्वतः मात्र वर्षानुवर्षं कॉम्प्युटर न वापरता फाउंटन पेनने टिपणं लिहायचा, त्यांच्या झेरॉक्स मित्रांना पोस्टाने पाठवायचा. अशी तेराशेहून जास्त टिपणं आहेत. १९८४ पासून टेक्सासला ऑस्टिनमध्ये शिकवलं, आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समध्ये न्यूनेनच्या घरी कॅन्सरने गेले.

आज एकच कोड विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालावा म्हणून आपण तयार लायब्ररी वापरतो. त्यात सेमाफोर असतो आणि कंडिशन व्हेरिएबलही. गडबड होते ती दुसऱ्यात. कंडिशन व्हेरिएबल काहीच लक्षात ठेवत नाही. सिग्नल दिला तेव्हा कुणी थांबलेलं नसेल तर तो गेलाच. म्हणून सोबत एक फ्लॅग आणि म्युटेक्स ठेवायचा, आणि झोपण्याआधी फ्लॅग बघायचा. असाइनमेंटमध्ये हे विसरलात, तर प्रोग्रॅम नव्याण्णव वेळा चालेल आणि शंभराव्या वेळी, सरांसमोर, गप्प बसेल.

पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये थ्रेडिंगचं पान उघडून सेमाफोरपाशी जा. फंक्शनांची नावं आता अक्वायर आणि रिलीज आहेत. पण डायक्स्ट्रांचं नाव तिथे आहे, पी आणि व्हीसकट.