एक्स्प्लेनर : युद्धाची झळ पडद्यावर आणणारे व्ही. शांताराम, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आजही का महत्त्वाची?

छत्रपती संभाजीनगर : युक्रेन असो की गाझा, युद्धात होरपळणाऱ्या सामान्य माणसांची दृश्ये आज काही मिनिटांत मोबाइलवर येतात. ८० वर्षांपूर्वी तशी सोय नव्हती. तेव्हा दूर चीनमधील युद्धाची झळ एका मराठी दिग्दर्शकाने चित्रपटातून भारतीय प्रेक्षकांपर्यंत पोहोचवली.

कोण होते व्ही. शांताराम?
शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ मध्ये कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत ते घडले. १९२९ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘प्रभात’ उभारली. ‘कुंकू’मध्ये जरठ-कुमारी विवाह, तर ‘शेजारी’मध्ये हिंदू-मुस्लिम मैत्री त्यांनी मांडली. १९४२ मध्ये त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केले.

चीनमध्ये काय घडत होते?
१९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. शहरांवर बॉम्ब पडले, नानजिंगमध्ये नागरिकांची कत्तल झाली, कोट्यवधी लोक बेघर झाले. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे २७ वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चौघे मायदेशी परतले, कोटणीस मात्र जखमींच्या सेवेसाठी तिथेच राहिले. परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा अवघ्या काही महिन्यांचा होता.

चित्रपटात वेगळे काय होते?
ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आणला. कोटणीस यांची भूमिका त्यांनी स्वतः केली, पत्नीची भूमिका जयश्री यांनी. संगीत वसंत देसाईंचे होते. परदेशी प्रेक्षकांसाठी इंग्रजी आवृत्तीही निघाली. युद्धाच्या या गोष्टीचा नायक सेनापती नव्हता, डॉक्टर होता. परक्या देशातील माणसांचे दुःख प्रेक्षकाला आपल्याच मातीतल्या मुलाच्या डोळ्यांनी दिसले. म्हणूनच ते जवळचे वाटले.

सगळे खरे होते का?
नाही. पडद्यावर साथीच्या रोगाशी झुंज, जपानी सैन्याची कैद असे नाट्यमय प्रसंग आहेत. प्रत्यक्षात कोटणीस यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला. चिनी पात्रेही भारतीय कलाकारांनीच रंगवली. चित्रपट म्हणजे इतिहासाचा दाखला नव्हे, हे लक्षात ठेवूनच तो पाहायला हवा.

मग उपयोग काय झाला?
चित्रपट आला तेव्हा महायुद्ध संपले होते. त्यामुळे एकही बॉम्ब थांबला नाही. पण सोलापूरच्या या डॉक्टरचे नाव देशभर घराघरांत गेले आणि त्यासोबत चिनी जनतेने काय सोसले, हेही.

शांताराम पुढेही माणुसकीच्या गोष्टी सांगत राहिले. ‘दो आँखे बारह हाथ’ने १९५८ मध्ये बर्लिन महोत्सव गाजवला. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. मोबाइलवरचे युद्धाचे दृश्य आपण क्षणात पुढे सरकवतो. त्यातल्या एका माणसाची गोष्ट पूर्ण ऐकली तरच ते दुःख लक्षात राहते, हे शांताराम यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले होते.