आकड्यांआडची माणसे
(फ्लॉरेन्स नाइटिंगेल : एक चरित्रलेख)

विद्यार्थिमित्रहो, रात्रीच्या वेळी हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी दयाळू परिचारिका, एवढीच फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची ओळख आपणांस बहुधा असते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. बाईंच्या हाती दिव्याहून प्रखर असे आणखी एक साधन होते. ते म्हणजे गणित. त्या साधनाचा उपयोग त्यांनी कसा केला, हे सांगण्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. त्या नगरीवरूनच त्यांचे नाव ठेवले गेले. वडील विद्याव्यासंगी होते. त्यांनी कन्येला घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास इत्यादी विषय शिकविले; तिची स्वतःची ओढ मात्र गणिताकडे. रुग्णसेवा हे त्या काळी हलके काम समजले जाई. घरच्यांचा विरोध वर्षानुवर्षे सोसून १८५१ साली बाईंनी जर्मनीत त्या कामाचे शिक्षण घेतले.

१८५४ साली इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान हे देश एका बाजूस आणि रशिया दुसऱ्या बाजूस, असे क्रिमियाचे युद्ध जुंपले. नोव्हेंबर महिन्यात ३८ परिचारिकांसह बाई तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथील स्थिती हृदयद्रावक होती. अंथरूण नाही, स्वच्छ पाणी नाही, इमारतीखालची गटारे तुंबलेली. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथे आणलेल्या शंभर रुग्णांमागे बेचाळीस मरत होते. मार्चमध्ये विलायतेहून आरोग्य-मंडळ आले. त्याने गटारे उपसली, पाणी व हवा शुद्ध केली. जूनपर्यंत तेच प्रमाण शेकडा दोनवर आले.

युद्ध संपले, विजयोत्सव झाले. मेलेल्यांची मोजदाद कोणी करावी? स्कुटारीस मृत्यूच्या तीन निरनिराळ्या नोंदी ठेवल्या जात, आणि त्या तिन्ही एकमेकींशी जुळत नसत. युद्धात माणसे मरावयाचीच, असे म्हणून वरिष्ठ स्वस्थ बसले होते. आकडे होते, परंतु ते असे विखुरलेले होते की, त्यांच्याआड हजारो मृत्यू बिनबोभाट दडून जावेत.

बाईंनी डॉ. विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने ते आकडे एकत्र केले आणि प्रत्येक महिन्याच्या मृत्यूंची कारणांनुसार विभागणी केली. एका जानेवारी १८५५ चेच उदाहरण पाहा. सुमारे बत्तीस हजारांच्या सैन्यात त्या महिन्यात जखमांनी मेले ८३, इतर कारणांनी ३२४, आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१! म्हणजे एका महिन्यात दर दहांतील जवळजवळ एक शिपाई गेला, आणि त्यातले बहुतेक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर घाणीने व हेळसांडीने गेले. मंत्र्यांना कोष्टके वाचण्याचा कंटाळा. म्हणून बाईंनी त्यांचे रंगीत चित्र केले. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. जखमांचा रंग तांबडा, इतर कारणांचा काळा आणि टाळता येणाऱ्या रोगांचा निळा. त्या अफाट निळ्या पाकळ्या पाहिल्यावर आम्हांस ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय कोणासच उरली नाही. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने बाईंना सभासद करून घेतले. तो मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री.

शांततेच्या काळातही छावणीतले धडधाकट तरुण शिपाई नागरिकांपेक्षा अधिक प्रमाणात मरतात, हे बाईंनी दाखविले : नागरिकांत दर हजारी ११, तर सैन्यात १७ ते २०. दरसाल अकराशे माणसे मैदानात उभी करून गोळ्या घालाव्यात, तसाच हा अपराध आहे, असे त्यांनी सरकारला सुनावले.

आता आपल्या देशाकडे वळू. बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. तरी येथील छावण्यांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागवून त्यांनी ती अभ्यासिली. येथील गोऱ्या सैन्यात दर हजारी ६९ मृत्यू होत, असे १८६३ च्या अहवालात उघड झाले. सुधारणा झाल्या आणि दहा वर्षांत तो आकडा १८ वर आला. परंतु शिपायांच्या छावणीपलीकडे जी कोट्यवधी रयत होती, तिचे काय?

१८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनवर घोर दुष्काळ पडला. सोलापूर, कलादगी, धारवाड आणि आपला बेळगाव प्रांतही त्यात होरपळला. त्याच काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत थाटाचा दरबार भरला होता! दुष्काळी कामांवर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य व एक आणा पुरे, असे सर रिचर्ड टेम्पल यांनी ठरविले. मनुष्याच्या भुकेपेक्षा खजिन्याचा हिशेब मोठा ठरला. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची हकीकत जमवून सरकारपुढे मांडीत होती. अर्ध्या कोटीहून अधिक माणसे ह्या दुष्काळात मेली, असा अंदाज आहे. १८७८ साली बाईंनी एका इंग्रजी मासिकात लेख लिहून, आपल्या देशबांधवांना ह्या प्रजेची पर्वा नाही, असा कडक ठपका ठेवला. पुढे सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

दीर्घकाळ आजारी असूनही बिछान्यावरून त्यांचे लेखन चाले. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, वर्गात आपण सरासरी व शेकडेवारीची उदाहरणे सोडवितो, उत्तर जुळले की वही मिटतो. उद्या तुम्ही वर्तमानपत्रात साथीचा, पुराचा वा दुष्काळाचा आकडा वाचाल, कदाचित स्वतः अधिकारी होऊन तो लिहालही. तेव्हा ही माणसे कशाने मेली, त्यांतील किती वाचविता आली असती, आणि मोजणीतून कोण सुटले, हे तीन प्रश्न विचारण्यास विसरू नका. नाइटिंगेलबाईंनी आयुष्यभर हेच विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत सत्ताधाऱ्यांना स्वस्थ बसू दिले नाही.