ख्रिस्तवासी नारायण वामन टिळक यांचें अल्पचरित्र



महोत्सवाच्या स्मरणिकेंत संतांचीं व मिशनऱ्यांचीं चरित्रें द्यावींत अशी आपली रीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु यंदा आम्हीं मुद्दाम अशा एका पुरुषाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे, कीं जो आपल्या कॅथलिक मंडळींतला नव्हता. तो प्रॉटेस्टंट पंथाचा उपदेशक होता. असें असूनहि त्याच्या पदांवांचून भिंगारांतील आपला सण सुना वाटेल. नाताळाच्या मध्यरात्रीं, उपवासकाळांतील शुक्रवारीं क्रुसाच्या वाटेची भक्ति झाल्यावर, किंवा मयताच्या घरीं रात्र जागवितांना आपल्या आयाबाया जीं पदें म्हणतात, त्यांतील कितीतरी नारायण वामन टिळकांच्या लेखणींतून उतरलीं आहेत. आमच्या लहानपणीं तीं आम्हांस तोंडपाठ होतीं. मात्र कर्त्याचें नांव आम्हांस पुष्कळ वर्षें ठाऊक नव्हतें. हें एक ऋण आहे, आणि ऋण घेणारानें देणाराचें निदान नांव तरी जाणावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें ब्राह्मण कुळांत झाला. वडील वामनराव स्वभावानें तापट, तर आई जानकीबाई भाविक व सोशिक होत्या. भक्तीची गोडी त्यांस आईपासून लागली. ती माउली ते लहान असतांनाच निवर्तली आणि घराचा ओलावा संपला. पुढें कोवळ्या वयांतच ते घर सोडून नाशिकास आले व तेथें कष्टानें संस्कृत शिकले. १८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. तिचें सासरचें नांव लक्ष्मी. ह्याच लक्ष्मीबाई पुढें ‘स्मृतिचित्रें’ लिहून मराठी वाङ्मयांत अजरामर झाल्या.

टिळकांचें मन एका ठिकाणीं स्थिर राहणारें नव्हतें. आज शाळेंत शिक्षक, उद्यां कोणा श्रीमंताच्या आश्रयानें ग्रंथसंपादन, मध्येंच तीर्थाटन, असा त्यांचा क्रम चाले. घरांत अन्न आहे कीं नाहीं याची चिंता लक्ष्मीबाईंनीं करावी! परंतु ह्या भटकण्याच्या बुडाशीं एक तळमळ होती. ज्या धर्मांत माणसामाणसांत भिंती नसतील, ज्यांत देव बापाप्रमाणें सर्वांस जवळ घेईल, असा धर्म त्यांस हवा होता. १८९३ सालीं आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांची गांठ पडली. गप्पा कवितेवरून निघाल्या त्या धर्मावर आल्या, आणि त्या गृहस्थानें त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. प्रभूचें डोंगरावरील प्रवचन वाचतांच टिळकांच्या मनानें ठाव घेतला. पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत त्यांनीं बाप्तिस्मा, म्हणजे आपण ज्यास स्नानसंस्कार म्हणतों तो, घेतला.

त्या काळीं ह्या पावलाची किंमत काय होती, हें आज जन्मतः ख्रिस्ती असलेल्या आपणांस सहज उमगणार नाहीं. जात गेली, आप्त गेले. आणि सर्वांत जिव्हारीं लागणारी गोष्ट म्हणजे पत्नी व लहानगा मुलगा दत्तू दुरावले. लक्ष्मीबाई आपल्या माणसांच्या आश्रयास राहिल्या. सुमारें पांच वर्षें हा वियोग चालला. टिळकांनीं ना जबरदस्ती केली, ना दुसरा संसार मांडला. पत्रें लिहीत राहिले व वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई मुलास घेऊन नगर जिल्ह्यांत आल्या. प्रथम त्या आपलें सोवळें सांभाळून, वेगळी चूल मांडून राहात. मग विचार करतां करतां त्यांच्या मनांतील स्पर्शास्पर्शाचा बांध आपोआप फुटला, आणि १९०० सालीं त्यांनींहि बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर हें आंतून उमलावें लागतें. तें बाहेरून लादतां येत नाहीं, ह्याची याहून चांगली साक्ष आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां टिळकांच्या नगर येथील कार्याकडे वळूं. नगर म्हणजे आपल्या भिंगारच्या वेशीपासून हांकेच्या अंतरावरील शहर. अमेरिकन मिशन येथें १८३१ पासून होतें. आपल्या मंडळीचे जर्मन येशूसंघीय धर्मगुरु १८७८ च्या सुमारास, मोठ्या दुष्काळाच्या मागोमाग, ह्या जिल्ह्याच्या खेड्यांत कामास लागले. दोन्ही मिशनांनीं शाळा काढल्या, दुष्काळांत अन्न दिलें, अस्पृश्य म्हणून गांवकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांस जवळ केलें. परंतु दोघांचें परस्परांशीं सख्य नव्हतें, हेंहि सत्य लपवूं नये. कित्येक गांवांत दोन शाळा, दोन मास्तर व दोन प्रार्थनागृहें झालीं, आणि एकाच भावकींतील माणसें दोन बाजूंस बसूं लागलीं. ज्या प्रभूनें सर्वांनीं एक व्हावें म्हणून प्रार्थना केली, त्याच्याच नांवानें ही फूट पडली.

टिळक नगरास आले, तेथील धर्मविद्यालयांत शिकवूं लागले, आणि १९०४ सालीं त्यांस उपदेशकाची दीक्षा मिळाली. त्यांचें घर म्हणजे धर्मशाळाच होती. दुष्काळांत निराधार झालेलीं मुलें त्यांनीं घरीं आणिलीं. बालकवि म्हणून पुढें प्रसिद्धीस आलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हेहि कांहीं काळ त्यांच्याच छायेखालीं वाढले. ज्यांच्या सावलीचाहि विटाळ मानावा असें बालपणीं त्यांस शिकविलें गेलें होतें, त्यांच्याच पंक्तीस बसून त्यांनीं भाकरी खाल्ली. त्यांच्या उपदेशाला जें बळ आलें, तें आमच्या मतें प्रथम ह्या भाकरीमुळें आलें. काव्यामुळें आलें तें मागाहून.

ह्या उपदेशाची रीत कशी होती, हें जरा विस्तारानें सांगणें अवश्य आहे. त्या वेळच्या ख्रिस्ती मंडळींतील बरींच गीतें परक्या चालींवर बसविलेलीं असत. शब्द मराठी, परंतु सूर विलायतेचा. प्रवचनाची भाषाहि पुस्तकी. दिवसभर नांगर धरून किंवा खडी फोडून आलेल्या माणसास तें ऐकून झोंप यावी यांत नवल नव्हतें. ह्याच माणसाच्या कानांत लहानपणापासून अभंग, ओवी, भारूड व जात्यावरचीं गाणीं घुमत असत. एकतारीचा सूर लागला कीं त्याची मान आपोआप डोलूं लागे. टिळकांनीं हें ओळखलें. नगरच्या मंडळींत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाचा पाया अगोदरच घातला होता. टिळकांनीं त्या पायावर घर बांधिलें.

कीर्तनांत प्रथम नमन, मग पूर्वरंगांत विषयाचें निरूपण, आणि उत्तररंगांत तोच विषय एखाद्या कथेंतून उभा करावयाचा, अशी महाराष्ट्राची जुनी परंपरा आहे. टिळकांनीं ती जशीच्या तशी घेतली. फक्त कथा उधळ्या पुत्राची, चांगल्या शोमरोनीची, कालवरीची आली. मध्यें मध्यें पदें, आणि ध्रुपद सर्व सभेनें म्हणावयाचें. म्हणजे ऐकणारा नुसता ऐकणारा राहत नाहीं, तो स्वतःच्या तोंडानें उपदेश उच्चारतो. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धां घरीं जातांना शुभवर्तमानाचा एक तुकडा पदराला बांधून नेते. तुकोबांच्या भक्तीचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापाशीं आलों, असें टिळकांचें स्वतःचें मत होतें. म्हणून त्यांच्या अभंगांत प्रभु येशू कधीं आई होतो, कधीं सद्गुरु होतो. परंतु परका साहेब तो कधींच होत नाहीं.

आपल्या मंडळीस हा मार्ग अनोळखी नव्हता, हें येथें अभिमानानें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. परंतु तें रोमन लिपींत छापलें गेलें, आणि घाटावरील आपल्या खेड्यांपर्यंत तें शतकानुशतकें पोंचलेंच नाहीं. तीनशें वर्षांनीं तेंच काम टिळकांनीं पुन्हां हातीं घेतलें. १९०९ सालीं त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ ह्या महाकाव्यास आरंभ केला. त्यांच्या हातून त्याचे थोडेच अध्याय पुरे झाले. उरलेला मोठा भाग, शाळेचें तोंडहि न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं रचिला. त्या १९३६ सालीं वारल्या, व ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. पुढें १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली. पगारी उपदेशकाचें बोलणें लोकांस विकत घेतल्यासारखें वाटतें, हें शल्य त्यांस बोंचत होतें. साताऱ्यास त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताचे भक्त असतील त्या सर्वांस त्यांत जागा होती. येथें आम्हांस आपला मतभेद स्पष्ट सांगावा लागतो. स्नानसंस्कार हा ख्रिस्तमंडळींत प्रवेशाचा दरवाजा आहे अशी आपली श्रद्धा आहे, व दरवाजावांचून घर अशी कल्पना आपणांस मान्य होणें शक्य नाहीं. परंतु त्यांनीं तसें कां केलें, हें आपण समजून घेतलें पाहिजे. दाराशीं येऊन परत फिरणारीं माणसें त्यांनीं पाहिलीं होतीं. तीं ख्रिस्तावर रुसून परतत नव्हतीं, तर परक्या राहणीला बुजून परतत होतीं. हा दोष त्या माणसांचा नव्हता.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. आयुष्याचीं सुमारें अठ्ठावन वर्षें. त्यांतील ख्रिस्तसेवेचीं चोवीस.

त्यांच्या पश्चात् काळ पालटला. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस स्थान दिलें, आणि लॅटिन मिस्सेच्या जागीं आपल्या वेदीवरून मराठी ऐकूं येऊं लागली. १९६४ सालीं त्याच परिषदेनें ख्रिस्ती ऐक्याविषयींचा आदेश काढिला, व विभक्त बंधूंस बंधू म्हणण्यास आपणांस शिकविलें. पेटी, तबला व टाळ देवळांत आले, आणि त्यांच्याबरोबर टिळकहि आले. परंतु आपल्या कित्येक वृद्ध माउलींच्या ओठांवर ते त्यापूर्वींपासूनच होते. वडीलधाऱ्यांनीं उभारलेली भिंत पदांनीं कोणास न विचारतां ओलांडिली होती.

आतां स्वतःविषयीं एक कबुली. सेमिनरींत आम्हीं तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र इंग्रजींतून शिकलों, आणि आमच्या पहिल्या कित्येक वर्षांच्या प्रवचनांत त्या पुस्तकांचाच वास येत असे. समोरचीं माणसें मान खालीं घालून बसत. तो आदर आहे असें आम्हांस वाटे. टिळकांचें चरित्र वाचल्यावर तो कदाचित् कंटाळा असेल, हें ध्यानांत आलें. उपदेशकानें लोकांस शिकविण्यापूर्वीं त्यांच्या ओसरीवर बसून त्यांचें बोलणें शिकावें, हा धडा आम्हीं उशिरां घेतला.

आज भिंगारांतील तरुण मुलें निरनिराळ्या भाषांतील नवीं गाणीं आवडीनें म्हणतात. त्यांस आम्ही मना करीत नाहीं. परंतु जुन्या पदांच्या चाली ज्यांस येतात त्या आजीबाई आतां बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि प्रत्येक मयताबरोबर एकादी चाल मातींत जाते. म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आमची प्रत्येक घरास एवढीच विनंति आहे, कीं मुलांनीं आजीजवळ बसून टिळकांचें निदान एक पद चालीसकट शिकावें, आणि उत्सवाच्या रात्रीं भजनाला बसतांना तें म्हणण्यापूर्वीं कर्त्याचें नांव मोठ्यानें घ्यावें. नगरांतील आपले प्रॉटेस्टंट बंधू त्या रात्रीं आपल्या शेजारीं बसले, तर तें पद त्यांसहि येत असेल. निराळें शिकवावें लागणार नाहीं.

प्रभु परमेश्वर आपल्या ह्या सेवकास चिरशांति देवो, आणि आपणां सर्वांस एक करो. आमेन.