खाशाबा जाधव : शिष्याच्या ऑलिम्पिकसाठी प्राचार्यांनी घर ठेवलं गहाण

बिरवाडी : १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन. ही ज्यांची जयंती, ते पैलवान खाशाबा जाधव आपल्या महाड-पोलादपूरकरांना काही लांबचे नाहीत. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, सातारा मागे टाकला की कऱ्हाड, आणि कऱ्हाडजवळच त्यांचं गाव गोळेश्वर.

खाशाबांचा जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले आणि तिथे कुस्ती गाजवू लागले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. लाल मातीत घडलेला हा गडी तिथे गादीवर लढला, तरी सहावा आला.

१९५२ ला फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायचं, तर पैसा नव्हता. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. तरी रक्कम भरेना, तेव्हा कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीविरुद्धची लांबलेली कुस्ती मात्र थोडक्यात हुकली. लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, पण त्यासाठी भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडलं.

कऱ्हाडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबा मात्र उपकार विसरले नाहीत. कोल्हापुरात कुस्त्या मारून बक्षिसाचे पैसे त्यांनी मदतीची परतफेड म्हणून दिले.

१९५५ ला ते फौजदार झाले, पोलीस दलात खेळाचे प्रशिक्षकही राहिले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

पदकावर नाव देशाचं लागलं, पण त्यामागे पैसा होता तो गाववाल्यांचा आणि एका गुरुजींच्या घराचा. आपल्याकडच्या शाळांतही असं एखादं पोर असेलच. त्याच्या पाठीशी कोण उभं राहतं, एवढाच प्रश्न आहे.